ईस्टरला कॉन्व्हेंटमध्ये राहायला जाताय? मग शनिवार चुकवू नका

जानेवारी संपत आला की मला दोन-तीन जणींचे मेसेज येतातच, तू ईस्टरला कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे सिस्टर्सच्या मठात, राहायला जातेस ना, आम्हाला पण एकदा यायचंय, नक्की काय असतं तिथे, काय घालायचं, काय करायचं. दर वेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. माझी आत्या सिस्टर आहे, वसईत एका छोट्या कम्युनिटीत, चौदा जणी राहतात, त्यातल्या तीन ऐंशीच्या पुढच्या. मी गेली अकरा वर्षं पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) दुपारी जाते आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सोमवारी परत येते. त्यामुळे हे सगळं स्वतः चुका करून शिकलेलं आहे, पुस्तकातलं नाही.

पहिली गोष्ट, तारीख. ईस्टर दर वर्षी हलतो, 21 मार्च किंवा त्यानंतरची जी पौर्णिमा तिच्या पुढचा रविवार, म्हणजे 22 मार्च ते 25 एप्रिल यामध्ये कधीही. 2025 ला 20 एप्रिल, 2026 ला 5 एप्रिल, 2027 ला तर चक्क 28 मार्च. गुड फ्रायडेला सुट्टी असते पण गुरुवारची रजा आधीच टाकून ठेवा, आणि सोमवारची पण, कारण शनिवारी रात्रीचा जागर झाल्यावर रविवारी संध्याकाळी लोकल पकडून सोमवारी सकाळी ऑफिस हे जमत नाही, मी एकदा केलंय आणि मीटिंगमध्ये झोपलेय.

दुसरी गोष्ट, कुठे जायचं. सगळी कॉन्व्हेंट सारखी नसतात. शाळा किंवा हॉस्पिटल चालवणाऱ्या सिस्टर्स वेगळ्या आणि कार्मेलसारख्या बंद मठातल्या वेगळ्या. बंद मठात तुम्हाला आत राहता येत नाही, त्या जाळीच्या पलीकडून प्रार्थना करतात आणि आपण अलीकडच्या चॅपेलमध्ये (मठातलं छोटं प्रार्थनाघर) बसायचं, फार तर बाहेर एखादी पाहुण्यांची खोली असते. बेनेडिक्टाइन मठांत पाहुणे घेण्याची परंपरा फार जुनी आहे, संत बेनेडिक्टच्या नियमावलीत 53 वं प्रकरणच पाहुण्यांवर आहे, आलेल्या प्रत्येकाला ख्रिस्त समजून घरात घ्या असं सांगणारं. शाळावाल्या कम्युनिटीत जाणार असाल तर परीक्षांचे दिवस असतात, पेपर तपासायचे गठ्ठे जेवणाच्या टेबलापर्यंत आलेले असतात, त्यामुळे "अगदी शांत शांत" अशी अपेक्षा ठेवू नका. पुरुष मंडळींना सिस्टर्सच्या घरी मुक्काम मिळत नाही, त्यांनी फादर लोकांच्या मठात किंवा एखाद्या रिट्रीट हाऊसला (प्रार्थनेसाठी राहायची जागा) विचारावं.

फोन सुपीरिअरना, म्हणजे मठाच्या प्रमुख सिस्टरना, करायचा, ओळखीच्या सिस्टरला नाही. हे महत्त्वाचं आहे कारण ओळखीची सिस्टर बिचारी नाही म्हणू शकत नाही आणि हो म्हणायचा अधिकार तिचा नसतो. आज्ञापालन हे त्यांच्या तीन व्रतांपैकी एक आहे (बाकीची दोन ब्रह्मचर्य आणि दारिद्र्य) आणि ते असल्या साध्या गोष्टींतच जास्त दिसतं, आत्याला मला एक जास्तीची उशी द्यायची असली तरी ती विचारून देते, मला आधी याचं हसू यायचं. फोनवर सगळं स्पष्ट सांगा, किती दिवस, कॅथलिक आहात की नाही, गोळ्या कुठल्या चालू आहेत, शुगर आहे का. कॅथलिक नसलात तरी बहुतेक ठिकाणी चालतं. फक्त एकच लक्षात ठेवा, मिस्सामध्ये (चर्चमधली मुख्य उपासना) ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायला रांग लागते तेव्हा त्या रांगेत प्रसाद म्हणून जायचं नाही, जागेवर बसून राहिलात तरी कोणी वाईट मानत नाही. माझी एक मैत्रीण जोशी आहे, ती दोनदा आली, ती छातीवर हात आडवे घेऊन पुढे जायची आणि फादर तिला आशीर्वाद द्यायचे, ती पण एक पद्धत आहे.

बॅगेत काय? सुती कपडे, खांदे झाकणारे, एक जोडी अशी की जिच्यावर मेण सांडलं तरी रडू येणार नाही. सहज काढता येतील अशा चपला. पाण्याची बाटली. टॉर्च. शाल लागत नाही, एप्रिलमध्ये वसईत शाल म्हणजे गंमतच. पुस्तकं एकापेक्षा जास्त नेऊ नका, मी पहिल्या वर्षी चार नेली होती आणि एक पण उघडलं नाही. मोबाइल न्या पण खोलीत ठेवा, फोटो काढायचे नाहीत, आणि स्टेटस तर अजिबात नाही, म्हाताऱ्या सिस्टर्स काही बोलत नाहीत पण बघतात.

आता रोजचं टाइमटेबल. आमच्याकडे सव्वापाचला घंटा, साडेपाचला सकाळची प्रार्थना आणि ध्यान, मग मिस्सा, नाश्ता, कामं, दुपारी प्रार्थना, जेवण, थोडी झोप, चहा, सहाला सायंप्रार्थना, जेवण, तासभर गप्पांचा वेळ आणि झोपायच्या आधी रात्रीची प्रार्थना, त्यानंतर सकाळपर्यंत कोणी बोलत नाही. पवित्र आठवड्यात हे पण थोडं बदलतं, गप्पांचा तास गळतो आणि मिस्साच्या वेळा इकडच्या तिकडे होतात. या प्रार्थनांमध्ये मुख्यतः स्तोत्रं असतात, बायबलमधली, आणि ती दोन बाजूंनी आळीपाळीने म्हणतात, डाव्या बाकांनी एक कडवं, उजव्या बाकांनी पुढचं. नवीन माणूस इथे हमखास चुकतो. प्रत्येक ओळीच्या मधे एक छोटी चांदणी छापलेली असते, तिथे थांबायचं असतं, एक श्वासभर, आणि आपण घाई करून पुढची ओळ सुरू करतो आणि मग त्या शांततेत आपला एकटीचा आवाज, इतकं लाजायला होतं ना. आत्याने मला सांगितलेली युक्ती अशी की शेजारणीचा आवाज आपल्याला ऐकू आला पाहिजे इतक्याच आवाजात म्हण. शेजारणीचा ऐकू येत नसेल तर तू जोरात म्हणतेयस. बस, एवढंच. पुस्तकात रंगीत फिती असतात, कुठली फीत कुठल्या पानाला हे पहिले दोन दिवस कळणार नाही, शेजारची सिस्टर बोट ठेवून दाखवते, तिला दाखवू द्या, आपण पानं उलटत बसू नये.

गुरुवार. लहान कम्युनिटी असेल तर गुरुवार ते शनिवार या तीन दिवसांची मुख्य उपासना सिस्टर्स स्वतःच्या चॅपेलमध्ये न करता गावच्या चर्चमध्ये जाऊन करतात, 1988 साली रोमहून आलेल्या पत्रातच तसं सुचवलंय की छोट्या छोट्या गटांनी वेगळं करू नका, मोठ्या चर्चला जा. आमच्या पण जातात, एका रांगेत, टॉर्च घेऊन. संध्याकाळची मिस्सा म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण, त्यात ग्लोरिया (देवाच्या गौरवाचं गीत) गाताना सगळ्या घंटा एकदम वाजवतात आणि मग घंटा बंद, त्या थेट शनिवारी रात्रीच वाजणार. मधल्या काळात लाकडी खटखट्या वापरतात. कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी पहाटे तोच वाजवत कॉरिडॉरमधून सिस्टर जाते आणि तो आवाज इतका कोरडा असतो की अलार्मपेक्षा भारी जाग येते.

याच मिस्सामध्ये, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, बारा जणांचे पाय धुतात. 2016 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिसनी नियम बदलून बायकांचे पाय धुवायला अधिकृत परवानगी दिली, त्याआधी नियमाप्रमाणे फक्त पुरुष असायचे. ऐन वेळी कोणी आलं नाही तर पाहुण्यांना उठवतात हे लक्षात असू द्या. मला एकदा असंच उठवलं, नखांना अर्धवट उडालेलं गुलाबी नेलपॉलिश आणि टाचांना भेगा, फादर गुडघ्यावर बसलेले आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं. नंतर आत्याला म्हटलं तर ती म्हणाली, "अगं, पेत्रालाही नकोच वाटत होतं की." पेत्र म्हणजे त्या शिष्यांपैकीच एक. तर पाय स्वच्छ धुवून जा, पण फार पण नाही. मिस्सा संपल्यावर पवित्र भाकर बाजूच्या सजवलेल्या वेदीवर नेतात आणि मुख्य वेदीवरचं कापड, मेणबत्त्या, सगळं काढून टाकतात. मध्यरात्रीपर्यंत लोक आळीपाळीने तिथे बसतात. तासभर बसा, दोन तास बसायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका, दुसऱ्या तासाला फक्त डासच लक्षात राहतात.

शुक्रवारी मिस्सा नसते, जगभरात कुठेच त्या दिवशी मिस्सा नसते. उपवास 18 ते 59 वयाच्या लोकांना, म्हणजे एकदा पोटभर आणि दोनदा थोडंथोडं, आणि 14 वर्षांपुढच्या सगळ्यांना मांस वर्ज्य. आमच्याकडे पेज आणि लोणचं असतं, जेवताना कोणी बोलत नाही, एक सिस्टर मोठ्याने काहीतरी वाचते. शुगर, बीपी, बाळंतीण असलं काही असेल तर उपवास नाही करायचा, उगाच शहाणपणा नको, एका वर्षी एका पाहुणीला चक्कर आली आणि दोन सिस्टर्सना उपासना सोडून तिच्यापाशी बसावं लागलं. तीन वाजताची उपासना वसईत बऱ्याच ठिकाणी चर्चबाहेर मांडवात होते कारण गर्दी आत मावत नाही, वर ऊन, खाली धूळ, छत्री आणि बाटली न्या. सुरुवातीला फादर जमिनीवर पालथे पडतात, काही न बोलता, त्या वेळी आपण गुडघ्यावर. मग योहानच्या शुभवर्तमानातलं (बायबलमधला येशूच्या आयुष्यावरचा ग्रंथ) दुःखसहन वाचतात, अठरावा आणि एकोणिसावा अध्याय पूर्ण, आणि ते सगळं उभ्याने ऐकायचं, येशू प्राण सोडतो तिथे सगळे गुडघे टेकतात आणि वाचन थोडा वेळ थांबतं. त्यानंतर दहा मोठ्या प्रार्थना, मग क्रुसाचं वंदन, लांब रांग, मग कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीर घेणं, ते पण आदल्या दिवशी ठेवलेलंच. शेवटी नेहमीसारखा आशीर्वाद पण नाही, सगळे गप्प निघून जातात. शुक्रवारपासून शनिवार रात्रीपर्यंत एक बारीक गोष्ट आहे, टॅबरनॅकल (पवित्र भाकर ठेवायची छोटी पेटी) रिकामं असतं म्हणून त्याच्यापुढे गुडघा टेकत नाहीत, क्रुसापुढे टेकतात. सवयीने आपण चुकतो, काही बिघडत नाही.

आणि आता शनिवार, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिलं. बहुतेक पाहुणे शुक्रवारी रात्री घरी जातात आणि म्हणतात शनिवारी दिवसभर काही नसतंच, रात्री थेट जागराला येतो. मी पण पहिली दोन वर्षं तेच केलं. मग तिसऱ्या वर्षी रिक्षा मिळाली नाही म्हणून राहिले आणि तेव्हा कळलं की काही नसणं हेच तिथे असतं. सकाळी चॅपेलमध्ये गेलात की टॅबरनॅकलचं दार उघडं, आत काही नाही, दिवा विझलेला, वेदी नुसतं लाकूड. ज्यांच्या घरी कोणी गेलंय त्यांना ती खोली ओळखीची वाटेल, कॉट आवरलेली, गादी गुंडाळलेली, कोपऱ्यात औषधाच्या बाटल्या नाहीत. सिस्टर्स हळू आवाजात प्रार्थना म्हणतात आणि कामाला लागतात.

तुम्ही पण काम मागा. मागितल्याशिवाय देणार नाहीत, पाहुणे ना आपण. आमचं शनिवारचं ठरलेलं काम म्हणजे मेणबत्त्यांच्या चकत्या. जागराला प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती असते आणि वितळलेलं मेण बोटांवर येऊ नये म्हणून मधे पुठ्ठ्याची गोल चकती घालायची. जेवणघरातल्या मोठ्या टेबलावर बसायचं, मिठाईचे जुने बॉक्स, स्टीलची वाटी उलटी ठेवून पेन्सिलने गोल काढायचा, कापायचा, मधे कटरने अधिक चिन्हासारखी चीर द्यायची आणि मेणबत्ती खालून ढकलायची. चीर मोठी झाली तर चकती घसरते, लहान झाली तर मेणबत्ती मोडते. साधारण करंगळीच्या नखाएवढी. तीनशे करायच्या असतात. कोणी बोलत नाही, नुसता कात्रीचा आवाज, मधेच एक ऐंशी वर्षांची सिस्टर तुमची वाकडी चकती उचलते, बघते, आणि गुपचूप सरळ करून परत ठेवते. दुपारी फुलं येतात, आपल्या वसईचाच मोगरा आणि सोनचाफा, बादल्यांत भरून मागच्या पडवीत ठेवतात, ओल्या फडक्याने झाकून, कारण अजून सजवायचं नसतं. त्या पडवीत दुपारी बसून बघा एकदा. वास येतोय, फुलं दिसत नाहीत. मला अख्ख्या पवित्र आठवड्याचं जे काही कळलंय ते तिथेच कळलं.

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीला हात लावायला मिळालं तर मात्र सावध. तिच्यावर क्रूस असतो, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे. मेणाचे तयार आकडे मिळतात ते चिकटवायचे. 2019 ला ते काम माझ्याकडे होतं आणि मी नऊ उलटा लावला. कोणाच्या लक्षात आलं नाही, रात्री आगीच्या उजेडात काय दिसणार, फादरांनी प्रार्थना म्हणत म्हणत आकड्यांवर खूण पण केली. मग ती मेणबत्ती वर्षभर राहते ना, ईस्टरचे पन्नास दिवस तर लागतेच आणि नंतर प्रत्येक बाप्तिस्म्याला आणि अंत्यविधीला, त्यामुळे त्या वर्षीच्या सगळ्या बाळांच्या फोटोंमध्ये मागे 2016 दिसतं. आत्या अजून ऐकवते.

रात्रीचा जागर अंधार पडल्यावरच सुरू करायचा असतो. पूर्वी हा विधी शनिवारी सकाळीच उरकायचे, 1951 पासून पोप बारावे पायस यांनी तो परत रात्री आणला. चर्चबाहेर आग पेटवतात. आमच्याकडे लोखंडी घमेल्यात नारळाची सोडणं आणि सुकी लाकडं, वाऱ्याची दिशा बघून उभे राहा नाहीतर धूर सगळा डोळ्यात. त्या आगीवरून पास्काची मेणबत्ती पेटते आणि अंधाऱ्या चर्चमध्ये तीनदा थांबत आत जाते, तिच्यावरून बाकीच्या पेटत जातात. इथे एक सांगते जे कोणी सांगत नाही, पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची आणि न पेटलेली तिरकी करायची. उलट केलंत तर गरम मेण समोरच्याच्या हातावर. कपड्यावर सांडलंच तर खरवडू नका, घरी जाऊन वर-खाली जुना पेपर ठेवून इस्त्री फिरवा, मेण कागदात उतरतं.

मग लांब घोषणागीत आणि मग वाचनं. पूर्ण केली तर नऊ आहेत, जुन्या करारातली सात, मग एक पत्र आणि शुभवर्तमान, कमी केली तरी तांबडा समुद्र ओलांडायचं वाचन कधीच गाळत नाहीत. इथे झोप येते. येऊ द्या. सिस्टर्सना पण येते, मी बघितलंय. जुन्या कराराची वाचनं संपली की ग्लोरिया, आणि गुरुवारपासून गप्प असलेल्या घंटा सगळ्या एकदम, आमच्या चर्चमध्ये मोठे दिवे पण तेव्हाच लावतात आणि पोरं घरून आणलेल्या घंट्या बडवतात, झोप कुठच्या कुठे. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस न उच्चारलेला आलेलुया (देवाची स्तुती करा हा घोष) तीनदा, दर वेळी वरच्या सुरात. नंतर पाणी आशीर्वादित करतात, कोणाचा बाप्तिस्मा असेल तर तो होतो आणि आपण सगळे आपली बाप्तिस्म्याची वचनं परत म्हणतो. पाणी घरी न्यायला बाटली नेणार असाल तर तिच्यावर लिहा काय आहे ते, आमच्या घरी एकदा फ्रिजमधून पिऊन टाकलं होतं.

रविवारी कॉन्व्हेंट ओळखू येत नाही. बडबड, हसणं, नाश्त्याला सगळ्या एकदम बोलतात, फुगे (मैद्याचे गोल वडे) तळलेले असतात, कोणाच्या तरी घरून इंदियाल (मांसाचं आंबट-तिखट कालवण) आलेलं असतं, मार्झिपानची गोड अंडी, आणि ती शनिवारी चकती सरळ करणारी ऐंशीची सिस्टर कॅरममध्ये चीटिंग करते. नातेवाईक येतात, त्यांना जागा द्या, आपण चार दिवस होतो, त्यांना भेट कमी वेळा मिळते. सोमवारी पण सणच असतो, आठ दिवस असतो. 2025 ला सोमवारी दुपारी आम्ही उरलेलंसुरलेलं जेवत होतो आणि एका सिस्टरच्या फोनवर बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले, आदल्याच दिवशी त्यांना बाल्कनीत बघितलेलं. कोणी काही म्हणालं नाही, मग सुपीरिअरनी प्रार्थना सुरू केली आणि त्यात शेवटी आलेलुया होता, कारण ईस्टरच्या आठवड्यात तो गाळत नाहीत.

निघताना चादर-उशीचे अभ्रे काढून घडी करून ठेवा, खोली झाडा. पैसे किती द्यायचे कोणी सांगणार नाही, लॉजला जेवढे दिले असते तेवढे पाकिटात घालून सुपीरिअरकडे द्या, खोलीत ठेवून येऊ नका. आणि झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) मिळालेली झावळी घरी क्रुसामागे खोचलेली असेल तर पुढच्या वर्षी भस्म बुधवारच्या (उपवासकाळाचा पहिला दिवस, कपाळाला राख लावतात) आधी चर्चमध्ये परत द्यायला विसरू नका, त्याचीच राख करतात, कचऱ्यात टाकायची नाही.